नळाला येणारे लाल पाणी

(विश्रांतवाडी येथे संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात शिक्षकाने बोलावयाचे म्हटले की विषय बहुधा ठरलेले असतात. शिस्त, चारित्र्य, शिक्षणाचे महत्त्व. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर बोलणारे अधिकारी वक्ते आज व्यासपीठावर बसलेले आहेत. मी आपल्याशी घरच्या नळाबद्दल बोलणार आहे. याचे कारण साधे आहे. मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना ‘पोट बिघडले होते’, ‘कावीळ झाली होती’, ‘टायफॉइड होता’ ही कारणे आम्हां वर्गशिक्षकांना वारंवार ऐकावी लागतात. हे तिन्ही आजार बहुतेक वेळा तोंडावाटे येतात, आणि पाणी हा त्यांचा मोठा रस्ता आहे. परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या मुलाला कोणतीही शिकवणी ते दिवस परत देऊ शकत नाही.

मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे, रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. परंतु या विषयाला आठवी-नववीचे विज्ञान पुरते, आणि ते विज्ञान आपल्या मुलांच्या दप्तरातच आहे.

एका पालक सभेत एका मातेने मला विचारले, “सर, सकाळी पाणी सुटतं तेव्हा पहिल्यांदा लाल येतं, मग साफ येतं. त्या लाल पाण्याने मुलं आजारी पडतात का?” मी उत्तर देण्यापूर्वीच शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, “अगं बेटी, त्यात लोखंड असतं, त्याने खून वाढतो.” मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, “कसलं खून वाढतो, जहर आहे ते.” सभेत दोन तट पडले. आज मी जे सांगणार आहे ते त्या दोन्ही तटांना उद्देशून आहे, कारण माझ्या मते दोघांचेही म्हणणे अपुरे आहे.

ज्याला मराठीत आपण गंज म्हणतो आणि आपल्या घरांतून जंग म्हणतात, तो म्हणजे आहे तरी काय? आठवीच्या मुलांना तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग माहीत आहे. एका नळीत खिळा, साधे पाणी आणि हवा. दुसरीत खिळा आणि उकळून गार केलेले पाणी, वर तेलाचा थर, म्हणजे हवा आत जाऊ नये. तिसरीत खिळा आणि ओल शोषून घेणारा पदार्थ, म्हणजे हवा आहे पण पाणी नाही. काही दिवसांनी पाहिले तर फक्त पहिल्या नळीतला खिळा गंजलेला दिसतो. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, एवढे यावरून सिद्ध होते.

आता आपल्या घरच्या नळाकडे या. आपल्याकडे पाणी दिवसाचे काही तास येते आणि मग बंद होते. पाणी ओसरले की पाइपात हवा शिरते आणि आतली भिंत ओलीच राहते. हवाही आहे आणि ओलही आहे. थोडक्यात, प्रयोगातील पहिली परीक्षानळी आपल्या रस्त्याखाली आणि भिंतींतून मैलोगणती पसरलेली आहे आणि तो प्रयोग वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू आहे.

लोखंडाचे कण प्रथम पाण्यात विरघळतात तेव्हा त्यांना रंग नसतो. या रूपाला फेरस म्हणतात. प्राणवायूशी गाठ पडली की त्याचे फेरिक रूप होते. ते विरघळत नाही, तांबूस तपकिरी रंगाचा गाळ बनून राहते. म्हणूनच एखादे वेळी पेल्यात घेताना स्वच्छ दिसलेले पाणी तासाभराने पिवळसर होते आणि तळाशी तांबडा गाळ बसतो.

जुना पाइप प्लंबरने कापून काढला तर आतील देखावा पाहण्यासारखा असतो. मुलांना तो अवश्य दाखवावा. आत वारुळासारख्या गाठी आलेल्या दिसतात. गाठीचा गाभा मऊ व काळपट असतो. त्याच्याभोवती टणक कवच असते. ते मुख्यतः मॅग्नेटाइट आणि गोएथाइट या खनिजांचे बनते. त्यावर सैल, तांबड्या भुकटीचा थर असतो. गोएथाइट हे नाव जर्मन कवी गोएथे यांच्यावरून पडले आहे. त्या थोर कवीला खनिजांचा मोठा नाद होता. आमच्यासारख्या भाषेच्या शिक्षकांना त्यातल्या त्यात हा एक दिलासा!

पाणी थांबलेले असते तेव्हा गाठीच्या आतील फेरस लोह हळूहळू कवचातून बाहेर झिरपते. पाणी सुटले की त्या धक्क्याने वरची भुकटी निघून येते. सकाळच्या पहिल्या पाण्याचा लाल रंग तो हा. वुजूच्या नळाखाली फरशीवर जो नारिंगी पट्टा पडतो, तोही याचाच.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या सुमारे तिपटीने मोठे असते. त्यामुळे पाइप आतून भरत जातो. नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. अर्धा इंची पाइपाचा आतील व्यास सुमारे १५ मिलिमीटर धरा. गंज चढून तो १० मिलिमीटर राहिला, तर पाणी वाहण्याची जागा ४४ टक्के उरते. परंतु बारीक नळात घर्षण वाढते, म्हणून दाब तोच असूनही पाणी पूर्वीच्या जेमतेम एक-तृतीयांश येते. भिंत खडबडीत झाल्याने ते आणखी घटते. ‘खालच्या मजल्याला पाणी येतं, आम्हांला येत नाही’ या भांडणाच्या मुळाशी कित्येकदा शेजारी नसतो, गंज असतो.

आता थोडा इतिहास. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावांचे पाणी शहरात आणले ते बांधीव भुयारी नळातून, उताराच्या बळावर. त्यात लोखंडाचा प्रश्न नव्हता. एकोणिसाव्या शतकात मुठेवर खडकवासल्याचे धरण झाले. इंग्रजी अमदानीत दाबाखाली पाणी नेणारे बिडाचे नळ आले. बीड जाड असते, म्हणून ते टिकतेही पुष्कळ. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासाठी १६६४ साली घातलेल्या बिडाच्या नळांनी तीन शतकांहून अधिक काळ पाणी वाहिले. घरोघरी आले ते मात्र पातळ लोखंडी पाइप, जस्ताचा मुलामा दिलेले, ज्यांना आपण जी. आय. म्हणतो. त्यात जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. जस्त संपले की लोखंडाची पाळी येते. रस्त्याखालच्या मोठ्या लाइनीला आतून सिमेंटचा लेप देता येतो, पण आपल्या भिंतीतल्या अर्धा इंची पाइपाला असे चिलखत नसते. लाल पाण्याची तक्रार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कित्येकदा दोष रस्त्याच्या लाइनीत नसून फेरूलपासून आपल्या घरापर्यंतच्या पाइपात असतो, आणि तो पाइप बदलणे हे आपलेच काम असते.

तर मग मूळ प्रश्न. हे लाल पाणी जहर आहे की ताकद?

प्रथम आजोबांच्या म्हणण्याकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह झाले की कपड्यांवर डाग पडू लागतात, आणि २ मिलिग्रॅमपर्यंतच्या लोहाने प्रकृतीला अपाय होत नाही. म्हणजे थोडा गंज पोटात गेला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु त्याने रक्त वाढते हेही खरे नाही. शाळेत मोठ्या मुलामुलींना दर आठवड्याला जी निळी गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. लिटरमागे १ मिलिग्रॅम लोह असलेले दोन लिटर पाणी दिवसभरात प्यायले तरी पोटात २ मिलिग्रॅम जाते, आणि गंजाच्या रूपातले लोह शरीराला फारसे लागतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. माझी मातांना हात जोडून विनंती आहे की मुलींची गोळी चुकवू नका, आणि नळाच्या गंजावर विसंबून तर मुळीच राहू नका.

आता जहर म्हणणाऱ्यांकडे येतो. धोका आहे, परंतु तो रंगात नाही. तो तीन वाटांनी येतो.

पहिली वाट क्लोरिनची. जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरिन मिसळतात. त्यातील थोडा भाग अखेरच्या नळापर्यंत शिल्लक राहिला पाहिजे, म्हणजे वाटेत शिरलेले जंतू मरतात. भारतीय मानकाप्रमाणे हा शिल्लक क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. आता पहा, १ मिलिग्रॅम फेरस लोह सुमारे ०.६३ मिलिग्रॅम क्लोरिन खाऊन टाकते. म्हणजे अवघे ०.३ मिलिग्रॅम लोह तो सगळा पहारेकरी गिळून बसते. कपड्यावर जेमतेम डाग पाडणारा गंज पाण्याचे संरक्षण संपवू शकतो.

दुसरी वाट गाठींची. खडबडीत, सच्छिद्र गंजात जंतूंना आसरा मिळतो. ते तेथे बुळबुळीत थर करून राहतात, आणि उरलेला क्लोरिन त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नाही.

तिसरी वाट सर्वांत वाईट. आतून गाठी आणणारा गंज पाइपाला कोठेतरी आरपार भोकही पाडतो. पाणी चालू असताना त्या भोकातून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की बाहेरचे आत येते. आपल्या गल्लीत जी. आय. पाइप गटाराला चिकटून जातो, कोठे कोठे चेंबरमधून आरपार जातो. अशा ठिकाणी बाहेरचे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. त्यातच कोणी नळाला थेट मोटर लावली की ती नुसते पाणी ओढत नाही, भोकाजवळचे मैलापाणीही ओढते, आणि ते एकट्या तिच्या मालकाच्या टाकीत जात नाही, त्याच लाइनीवरच्या शेजारच्या मुलाच्या पेल्यातही जाते.

म्हणून त्या मातेला माझे उत्तर असे की, ताई, लाल पाण्याला तितके भिऊ नका, पण त्यानंतर येणाऱ्या स्वच्छ पाण्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. ते पाणी त्याच पाइपातून आलेले असते. जंतूंना रंग नसतो. लाल रंग ही त्या पाइपाने दिलेली नोटीस आहे. नोटीस आली की तिच्यावरील रंग कोणता हे आपण पाहत नाही, मजकूर वाचतो.

पाण्याची हयगय किती महाग पडते, हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला गियाँ-बारे नावाच्या, हातापायांची ताकद नेणाऱ्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून येणारे जंतू सापडले आणि संशय पाण्यावर गेला. तेथे गंज कारणीभूत होता असे माझे म्हणणे नाही. पिण्याच्या पाण्यात पुरेसा क्लोरिन असणे किती मोलाचे आहे, एवढेच त्यातून शिकावयाचे.

पाणी बदलले की जुना गंज कसा वागतो, याची दोन उदाहरणे अमेरिकेतील आहेत. टुसान शहराने १९९२ मध्ये विहिरींऐवजी कोलोरॅडो नदीचे पाणी जुन्या नळांतून सोडले. वर्षानुवर्षे एका पाण्याची सवय झालेला गंज नव्या पाण्याने सुटू लागला, घरोघर तपकिरी पाणी आले आणि १९९४ मध्ये तो पुरवठा थांबवावा लागला. फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचविण्यासाठी नदीचे पाणी घेतले, पण नळ गंजू नयेत म्हणून घालावयाचे औषध घातले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथील मोटारीच्या इंजिनांच्या कारखान्याने ‘या पाण्याने आमचे भाग गंजतात’ म्हणून ते बंद केले. माणसे मात्र तेच पाणी पीत राहिली. जुन्या जोडण्यांतील शिसे मुलांच्या रक्तात गेले, क्लोरिन टिकेनासा झाला, आणि २०१४-१५ मध्ये लीजनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजाराने १२ माणसे गेली. नागरिक लाल पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते. त्यांचे वेळीच ऐकले असते तर पुढचे पुष्कळ टळले असते.

हे दूरचे आहे असे समजू नका. १ जानेवारी २०२१ पासून शहराच्या या ईशान्य व पूर्व भागासाठी खेड तालुक्यातील भामा आसखेड धरणाचे पाणी आणले गेले. त्याने मोठी सोय झाली आहे. पुणे महानगरपालिकेने चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजनाही हाती घेतली. पाइप सतत भरलेला राहिला तर बाहेरचे पाणी आत शिरण्यास वाव राहत नाही. तेव्हा अशा सुधारणांना आपण साथ द्यावी. परंतु पाणी कोठलेही असो, ते आपल्या घरातल्या तीस वर्षांच्या जुन्या पाइपातून येणार असेल, तर अखेरचे पन्नास फूट आपणच सांभाळले पाहिजेत. सोसायट्यांतून बोअरचे आणि टँकरचे पाणीही त्याच पाइपांत मिसळते, हेही विसरू नये.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो.

पाणी सुटल्यावर पहिले लाल पाणी पिण्यासाठी भरू नका. ते फेकूही नका, संडासाला किंवा झाडांना वापरा. फडक्याने गाळल्याने आणि तुरटीने गाळ जातो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच उकळू द्यावे, त्याने जंतू मरतात. उकळल्याने गंज जात नाही, तो तळाशी बसतो, वरचे पाणी निवळून घ्यावे. टाकी वर्षातून दोनदा तरी रिकामी करून घासावी. क्लोरिन आहे की नाही हे ओ. टी. चाचणीने मिनिटभरात कळते. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. जारचे पाणी विकत घेतले म्हणजे सुटलो, असे समजू नका. ते कोठे भरले आणि कोणी तपासले, हे विचारा. जुना पाइप बदलताना परवानाधारक प्लंबरकडून बदला, तो गटारातून नेऊ देऊ नका. खर्च एकट्याला जड जात असेल तर चार घरांनी मिळून करा. आणि नळाला थेट मोटर लावू नका. आपल्या आळंदी रस्त्याने पालखी जाते तेव्हा अनोळखी वारकऱ्याला पाणी देण्यात इथला प्रत्येक जण धन्यता मानतो. मग वर्षभर शेजाऱ्याच्या वाटणीचे पाणी ओढणे आपल्याला शोभेल काय?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. एक महिना रोज एका वहीत लिहा, पाणी किती वाजता सुटले आणि पांढऱ्या वाटीत घेतले असता ते निवळायला किती मिनिटे लागली. मुलींनी व मुलांनी आपापल्या गल्लीचा नकाशा काढून त्यात ही मिनिटे भरावीत. जेथे एकाच घरात लाल पाणी येते, तेथे दोष बहुधा त्या घरच्या पाइपाचा. जेथे सगळ्या गल्लीत येते, तेथे रस्त्याच्या लाइनीचा संशय धरावा. असा नकाशा, तारीख-वेळ लिहिलेल्या बाटल्या आणि पन्नास पालकांच्या सह्या घेऊन आपण क्षेत्रीय कार्यालयात गेलो, तर आपली तक्रार ही नुसती कुरकुर राहणार नाही. अर्ज कसा लिहावा हे शिकविणे माझ्या विषयात बसते. ती जबाबदारी मी घेतो.

शेवटी पालकांना एक सांगणे आहे. आपली कित्येक मुले आय. टी. आय. कडे जातात, काही विज्ञान शाखेला जातात. नळजोडणी हे हलके काम आहे, असे त्यांच्या मनात येऊ देऊ नका. पाइप कोठून न्यावा आणि कोठून नेऊ नये हे जाणणारा प्लंबर, पाणी तपासणारा प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ, जलवाहिनी आखणारा अभियंता, ही माणसे दवाखान्यात जाण्याआधीच आजार थांबवितात. आपल्या संस्थेतून अशी दहा मुले-मुली निघाली तरी या परिसराचे भले होईल.